टिटवी आणि बैल

२ जानेवारी
लिहून झालं! बारा तारखेला आमच्या तंजावरच्या मराठी संघाचं संमेलन, त्यात मुलांचं नाटक माझं. कालव्याच्या दारावर बसलेला म्हातारा बैल म्हणतो, "मी बसलोय म्हणून पाणी वाहतं." पार टोकाचे बेडूक सुकून चाललेत. एकटी टिटवी त्याला म्हणते — ऊठ!
बैल म्हणजे आमचे अध्यक्ष अनिरुद्धराव, अठरा वर्षं खुर्चीत. टिटवी म्हणजे विशालाक्षी अक्का. नाटकानंतर लगेच निवडणूक, आणि ती त्यांच्याविरुद्ध उभी राहतेय. पहिल्यांदाच कोणीतरी!

३ जानेवारी
अक्काला फोनवर वाचून दाखवलं. पापनाशमच्या बसमध्ये होती, तरी मोठ्याने हसली. "मला भाषण येईना ग. तुझी टिटवीच बोलूं दे माझ्यासाठी." वचन दिलं.

५ जानेवारी
अनिरुद्धरावांनी नाटकाची वही मागवली. देऊन टाकली. देवनागरी इथे वाचतं कोण! मुलांनासुद्धा मी तमिळ अक्षरांतच उतरवून देते.

७ जानेवारी
काय करून बसले मी!
त्यांनी घरी बोलावलं. कॉफी दिली, वही पुढे सरकवली. "तूच वाचून दाखीव, मा." पहिलं पान नीट वाचलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मला शाळेत नोकरी यांनीच लावून दिली, ते नेमकं तेव्हाच आठवलं. मी तिथल्या तिथे गोष्ट फिरवली. बैल आपल्या वाट्याचं पाणी बेडकांना देतो. टिटवी भांडखोर, बेडकांना चिथावते. शेवटी टिटवीच माफी मागते — हेसुद्धा माझ्याच तोंडून!
त्यांनी वही मिटून स्वतःकडे ठेवली. मग म्हणाले, "सरी, बरं. आतां असंच होऊं दे."

८ जानेवारी
अक्काचे तीन फोन. घेतले नाहीत. स्वतःचीच चीड येतेय.

१० जानेवारी
मुलांना नवे संवाद दिले. टिटवी झालेली कीर्तना विचारते, "मिस, मी वाईट कधी झाले?"
"पाठ कर," म्हटलं. ओरडलेच.

१२ जानेवारी
टाळ्या खूप पडल्या. अक्का पहिल्या रांगेत होती. टिटवीने हात जोडले तेव्हा उठून निघून गेली, मतालाही थांबली नाही. अनिरुद्धराव पुन्हा अध्यक्ष. हार घालून घेताना त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

१३ जानेवारी
अनिरुद्धरावांकडून वही परत आली. बैलाच्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने, स्वच्छ देवनागरीत, खाली सहा जानेवारीची तारीख घालून लिहिलंय —
"खरं लिहिलंय पोरीनं. उद्यां हेच माझ्या तोंडावर वाचलं, तर मी उठतों."