भित्र्या नायकांचं कपाट

४ जून
नव्या ग्रंथपाल मॅडमनी फतवा काढला. तीन वर्षांत एकदाही वाचकाच्या घरी न गेलेलं पुस्तक रद्दीत. बालविभागातलं साहसकथांचं कपाट आख्खं काढायचं, तिथे कॉम्प्युटर बसणार. महिनाअखेरीस कमिटी पाहणीला येणार.
माझं कपाट! पाण्याला भिणारा खलाशी, बोबडा पोस्टमन, दरोडेखोरांना चकवणारी चष्मेवाली. पहिल्या पानावर ज्यांना कुणी हिंग लावून विचारत नाही, तेच शेवटी जहाज वाचवतात. मलाही इथे कुणी विचारत नाही. म्हणजे पहिलं पान तर जुळलं.
उद्या मॅडमना तोंडावर सांगणार. नोकरी गेली तरी बेहत्तर.

५ जून
केबिनपर्यंत गेलो. त्या फोनवर होत्या. फोनवर असलेल्या बाईला अडवणं सभ्यपणाचं नाही. परत आलो.

६ जून
आज फोनवर नव्हत्या. पण चेहरा थकलेला वाटला. माणुसकी म्हणून एक चीज असते.

९ जून
लढाई समोरासमोरच लढावी असं थोडंच आहे? स्वतः पोस्टर रंगवलं : ‘भित्र्यांनो, इकडे या!’ कपाटावर लावलं. दिवसभरात एकच मुलगा आला. त्याला बाथरूम हवं होतं.
बायकोचं म्हणणं, पोस्टर वाचून मुलांना वाटलं असेल, इथे इंजेक्शन देतात.

१२ जून, दुपारी
सुचलं! गनिमी कावा. पुस्तक घरी गेलं नाही म्हणून रद्दीत, तर मग घरी जाऊ दे ना. बायकोचं कार्ड, सासूबाईंचं कार्ड, मेव्हण्याचं, त्याच्या बायकोचं, आमच्या न्हाव्याचं. सगळ्यांच्या नावावर रीतसर शिक्के मारून रोज थोडी पुस्तकं न्यायची. शिक्का मारून नेतोय म्हणजे चोरी नाही. नियमानेच नियमाचे दात घशात घालतोय.
मॅडमना पत्ताही लागणार नाही.

१५ जून
खांदा धरलाय. जुनी पुस्तकं भलतीच जड. पलंगाखाली जागा संपली म्हणून गाद्यांच्या कपाटात कोंबली. बायको म्हणाली, आता पाहुणे आले तर त्यांना खलाशावर झोपवायचं का? क्रांतिकारकांच्या घरी हे चालायचंच.
सासूबाईंनी चष्मा पुसून एक पुस्तक उचललं. म्हणाल्या, माझ्या नावावर आणलंय ना, मग मीच बघते. बघू देत बिचाऱ्या. वेळ जाईल.

१८ जून
रात्रीच्या जेवणानंतर खलाशाचं पुस्तक वाचायला घेतलं. लहानपणी पाठ होतं. तिसऱ्या पानावर डोळा लागला. दिवसभराचं ओझं, दुसरं काय.
सासूबाई त्याच पुस्तकात माझ्या बऱ्याच पुढे आहेत. विचारत होत्या, तो खलाशी शेवटी पाण्यात उतरतो का हो? मी म्हटलं, सांगितलं तर मजा जाईल. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

२४ जून
फत्ते. कपाटात एक पुस्तक उरलं नाही. एकूण एक वाचकांकडे! या आता, रद्दीवाले. आनंदाच्या भरात रिकामे कप्पे ओल्या फडक्याने पुसून काढले. पोस्टरही उतरवलं, काम झालं त्याचं.

३० जून
कमिटी आली. मॅडमनी कपाट उघडलं. आत लखलखाट.
अध्यक्ष म्हणाले, वा, सांगायच्या आत रिकामं करून पुसूनही ठेवलंय, असा कर्मचारी हवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणणार होतो की थांबा, पुस्तकांना मागणी आहे, नोंदी पाहा. म्हटलं, आधी टाळ्या थांबू देत. मॅडमनी नोंदी आपणहून पाहिल्या. म्हणाल्या, उत्तमच की, सगळी पुस्तकं वाचकांकडेच राहतात, मग कपाट लागतंय कशाला?
मला चहा दिला. घेतला. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.

२ जुलै
कपाट जिन्याखाली गेलं. त्याच्या जागी कॉम्प्युटर. एक तांत्रिक माघार.

३ जुलै
एक मुलगी आली. शाळेत उद्या सगळ्यांसमोर बोलायचंय म्हणे, आणि तिचे पाय लटपटतात. विचारलं, भित्र्या माणसाची गोष्ट आहे का? अगदी खरोखरच्या भित्र्याची, नंतर शूर निघाला तरी चालेल.
इतक्या वर्षांत कुणी असं मागायला आलं नव्हतं. मी सांगितलं, सगळी बाहेर गेलीत. ती म्हणाली, ज्यांनी नेली त्यांची मजा आहे. आणि गेली. टेबलाखाली वाकून पेन शोधत बसलो, पेन हातातच होतं. फार वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.
जेवणाच्या सुट्टीत धावत घरी गेलो. बोबड्या पोस्टमनचं पुस्तक सासूबाईंच्या हातात. द्यायला तयार नाहीत. म्हणाल्या, कार्ड माझं, मुदत माझी, शेवटचं प्रकरण चाललंय. मग सगळं सांगावं लागलं. मुलीचं, कपाटाचं, टाळ्यांचं. चहाचंसुद्धा.
त्यांनी पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि पायात चपला सरकवल्या.

३ जुलै, संध्याकाळी
सासूबाई थेट केबिनमध्ये. मी बाहेर खिंड लढवत उभा. दार लोटलेलं, पण त्यांचा आवाज ऐकू येत होता. म्हणाल्या, बाई, यातली बरीच पुस्तकं मी वाचलीत, उरलेली वाचायचीत, आणि जिन्याखाली मला वाकता येत नाही. पुस्तकं परत आणते, कपाट वर आणा. मॅडम म्हणाल्या, बरं आजी, खिडकीशी ठेवू. पुढे म्हणाल्या, कुणीतरी आधी सांगायचं ना, मला काय माहीत ही वाचतात म्हणून.
चहा गार व्हायच्या आत काम झालं.

४ जुलै
कपाट खिडकीशी. मुलगी आली. भाषण करून आली होती, मध्ये अडकली, पण खाली बसली नाही. काल आजींनी तिचं घर शोधून पोस्टमन नेऊन दिला होता म्हणे. मला पत्ताच नाही.
आज दोघी कपाटाजवळ बसून पुढचं पुस्तक निवडत होत्या. मी पिशव्या घेऊन घामाघूम उभा. मुलीने हळूच विचारलं, आजी, हे कोण? सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, हे होय, हे पुस्तकं वाहतात.
घरी अजून दोन खेपा आहेत. खांद्याला मलम लावून झोपतो.