मोहिनीबाईंचं शेवटचं रीळ

१२ मार्च २०२५, जळगाव
वही, माफ कर. दोन महिने लिहायचं राहिलं. डोळा, गुडघा, ऊन. आजपासून रोज. संकल्प : सिनेनटी मोहिनीबाईंचं चरित्र. पाचशे पानं. मी सातवी पास, पण अधिकार माझाच. साक्रीच्या तंबू टॉकीजमध्ये त्यांचा टॅक्सीवाला सिनेमा मी शंभर वेळा चालवला. (चालवला ऑपरेटरने. पण मी तिथेच होतो.)

१४ मार्च
पान पहिलं. श्रीमंताची पोर लग्नाच्या मांडवातून पळते, टॅक्सीवाल्याशी भांडते, चिखलात पडते, उठून त्यालाही पाडते. असं पडणं दुसऱ्या नटीला जमलं नाही. जन्मतारीख ठाऊक नाही. जागा सोडली.

२० मार्च
मुंबईहून फोन. मोहिनीबाईंची मुलगी दिपमाला. बाई चौऱ्याण्णवच्या, अंथरुणावर. सिनेमा सापडला, शेवटचं रीळ सोडून. ते माझ्याकडेच! तंबू मोडला तेव्हा मागे राहिलं, तेव्हापासून माळ्यावर डब्यात. शेवट बाईंनाही आठवत नाही. रोज विचारतात, “मी मांडवात परत गेले, की त्याच्याबरोबर?” मुलगी म्हणाली, नाना, उद्याच माणूस पाठवते. म्हटलं, घाई नको. आधी चरित्र, मग सत्कार, मग स्टेजवर रीळ.

४ एप्रिल
दीड पान. घरात आंबट वास, डोकं चालत नाही. अमिनाबीला म्हटलं, तुझं लोणचं बिघडलं. म्हणाली, “लोणचं नाही, तुमचा माळा वास मारतो. डबा उघडून तरी बघा.” बायकोला सिनेमातलं काय कळतं? बरणी फेकायला लावली.

२ मे
पंचेचाळीस डिग्री. पत्रे तापलेत. वास तसाच. शेजाऱ्यांचं लोणचं असावं. अमिनाबी बोलत नाही. दिपमालाचा फोन. बाईंनी जेवण सोडलं. म्हटलं, सोमवारी नक्की.

५ मे, सोमवार
डबा उघडला. रीळ कसलं, आंबून वितळून त्याची गुळासारखी ढेप झालेली. वास त्याचाच. बोटाला चिकटली. अमिनाबी बघून गेली. काही बोलली असती तर बरं.

६ मे
दिपमालाला सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, “राहू द्या, नाना. तुम्ही शंभर वेळा पाहिलाय. शेवट तोंडी सांगा, मी आईच्या कानात सांगते.”
म्हटलं, आवाज येत नाही. फोन ठेवला.
शेवटचं रीळ लागलं की मी पडद्याकडे पाठ करून आधीची रिळं उलटी गुंडाळायचो. सकाळच्या गाडीने रिळांची पेटी पुढच्या गावी जायची, फिरून परत यायची. शंभर वेळा लोक हसलेले ऐकले. कशाला हसले, ते बघायचं राहिलं.

७ मे
साक्रीच्या अभिमनला फोन. तंबूच्या दारावर तिकिटं फाडायचा. हसतच सुटला. “नासीरभाऊ, बठ्ठा गावले शेवट तूच सांगे, नि आते माले इचारस?” सगळ्या गावाला मीच सांगायचो म्हणे. याद करून सांगतो म्हणाला.

९ मे
अभिमनचा फोन नाही. पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवतो : मला सगळं आठवतं. फक्त खात्री करायची आहे. मांडव की टॅक्सी, एवढंच. काल दिपमालाचे तीन मिस्ड कॉल होते. आज एकही नाही. अभिमन, लवकर कळव.