पायगोंडा आजोबांचा पत्ता

अखिल-हुपरी-पैंजण-मंडल-चूडामणी, कनिष्ठबंधु-कर्णाकर्षण-प्रवीणा, तीर्थरूप आक्कासाहेबांच्या चरणी दिगंतपर्यटक सुकुमारचे सविनय जयजिनेंद्र.

माझी प्रकृती उत्तम; भाताचे सेवन त्रिकाळ. आप्पांचा रक्तदाब कसा आहे? शेजारच्या भूपालच्या चांदीच्या भट्टीचा धूर अजून त्यांच्या खोलीत येतो का?

वंशावळीतली पायगोंडा आजोबांपुढची रिकामी जागा भरण्यासाठी सोनखाणीच्या या वस्तीत आलो, ते कार्य सिद्ध झाले. जुन्या कामगारचाळीत सरोजाम्मा नामक वृद्धा आहेत. त्यांचे वडील आजोबांच्याच पाळीत होते. "कोल्हापूरकडचा मनुष्य" म्हणताच त्यांनी कानडीत विचारले, "सूर्यास्तानंतर न जेवणारा?" रात्रपाळीचे सगळे मध्यरात्री डबा उघडत, हा एकटा उजेडी जेवून खाली उतरे.

आजोबांना येथे येऊन वर्षही झाले नव्हते. भुयाराचे छत कोसळले. देह वर आलाच नाही, आणि घरी कळवायला पत्ता कोणापाशी नव्हता. खाण आता बंद आहे, पाण्याने भरलेली आहे.

म्हणजे आक्का, त्यांनी इकडे दुसरा घरोबा केलाच नव्हता. ज्या बापाचे नाव आप्पांनी आयुष्यभर घरात उच्चारू दिले नाही, तो बाप पळालेला नव्हता.

हे फोनवर सांगण्याचे धैर्य मजजवळ नाही. तू सांग, सकाळी, त्यांनी गोळी घेतल्यावर. त्या रागाच्या आधाराने ते इतकी वर्षे उभे आहेत. तो काढून घेताना जवळ बस.

मृत्युवार्तेनंतर स्नान विहित, म्हणून तडक लॉजवर आलो, तर नळ कोरडा. व्यवस्थापक महाशय वदले, "टँकर नाळे, सार." नाळे म्हणजे उद्या. कालही त्यांचे हेच भाष्य होते.

आपला पारोसा अनुज,
सुकुमार