खिरीची वाटी आणि वन्समोर

गिरगाव, मार्गशीर्ष शुद्ध ६, शके १८१६

ती. सौ. रमाताईस, गंगाधरचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. पत्र वाचून लगेच चुलीत घाल, कारण मी नाटकाला गेलो होतो. सोयरिकीची बोलणी निघाली तेव्हाच पद्मजेच्या वडिलांनी, हेरंबपंतांनी, बजावले होते की नाटक्या जावई चालायचा नाही, आणि मीही मान डोलावली होती.

पण काय नाटक! प्रेम, थट्टा आणि विषप्रयोग, सगळे एकाच तिकिटात. नायक आचारी बनून नायिकेच्या घरी राहतो. नायिकेच्या ओठांवर निळसर मिशी दिसत होती, तरी ती रडू लागली तेव्हा मीही रडलो. नायक विषाची खीर पिऊन पडला, तिने पद म्हटले, आणि मागून एक कानटोपीवाला वन्समोर, वन्समोर म्हणून ओरडू लागला. मेलेला नायक उठला, धोतर झटकले, पुन्हा खीर प्याला, पुन्हा मेला. तिसऱ्यांदाही तेच झाले तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडलो की म्हाताऱ्या, त्या बिचाऱ्याला एकदाचा मरू दे.

शेवट मात्र फसला. विष घालणारा निघाला घरचा वैद्य, पण तो तर पहिल्याच अंकात काशीस गेलेला! तरी पुन्हा जावेसे वाटते.

ताई, पद्मजेला पाहिल्यापासून दुसरी मुलगी मनात येत नाही. हे फुटले तर सगळे संपले. माया आहे तशीच ठेव.

तुझा गंगाधर

परळ, मार्गशीर्ष शुद्ध ११

चि. गंगाधर यास रमाताईचे अ. उ. आ.

तुझे पत्र चुलीत गेले. काल हेरंबपंत बोलणी करायला आले. घसा पार बसलेला; थंडीमुळे म्हणाले. नाटकांना शिव्या घालून झाल्यावर म्हणाले की हल्लीची पोरे उर्मट, परवाच एकाने मला चारचौघांत म्हाताऱ्या म्हटले. माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

जेवायला नेमकी खीर होती. मी दाराआडून सहज विचारले की वैद्य काशीस गेला, मग विष कालवले कोणी? पंत घास विसरून रंगात आले. काशी हे ढोंग, दाढी लावून आलेला माळी म्हणजे तोच वैद्य. मधेच पान खायला उठणाऱ्यांना हे कळायचे नाही, म्हणाले. तू उठला होतास ना रे? तुझ्या भावोजींना हसू आवरेना, तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो ते पंतांच्या ध्यानात आले. मग खिरीची वाटी बाजूला सारली.

शेवटी हळूच कबूल केले, की तुझा आवाज त्यांनी तिथेच ओळखला होता, आणि काल ते सोयरीक मोडायलाच आले होते. पण मोडली तर घरी कारण काय सांगणार? तेव्हा सोयरीक पक्की! मला तर रडूच आले. अट एवढीच, की पुढच्या खेळाला तू त्यांच्या शेजारी बसायचे.

आता माझी अट. बायकांच्या बाजूला पद्मजा आणि मी बसणार. मी जन्मात नाटक पाहिलेले नाही. नायक मेला की वन्समोर मीच ओरडणार. मला म्हातारे म्हणायची तुझी छाती होते का ते बघू.

तिकिटे काढून कळव. आशीर्वाद आहेतच.

तुझी रमाताई