कुलूपबंद घरं

माय, आज दिवसभर तुझी आठवण येत राहिली, आणि कारण म्हणशील तर एक वेबसाइट. गावाचा आरोग्य आराखडा आता संगणकावर होतो. प्रश्नावली तयार, नकाशा तयार, दुसऱ्या गावांचे नमुनेही तयार; घरोघरची माहिती भरली की गावाला आधी काय हवं ते तीच सांगते. खरं सांगते, चांगली आहे. चाकूरजवळच्या उपकेंद्रात तू नर्सबाई होतीस, जन्मभर रजिस्टरं काखोटीला मारून फिरलीस. हे पाहून आधी नाक मुरडलं असतंस, आणि मग मला उठवून स्वतः खुर्चीत बसली असतीस.

त्या प्रश्नावलीत एक रकाना आहे, 'घर बंद'. तिथं टिचकी मारली की पुढचे सगळे प्रश्न आपोआप गळतात. तो पाहिला आणि तुझं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष, सोयाबीन काढणीचे दिवस. तू परातीत भाकरीचं पीठ मळतेयस आणि मी दारातूनच फुशारकी मारतेय की अख्ख्या गावाचा सर्व्हे दुपारीच उरकला. मान वर न करता तू विचारतेस, "कुलपं किती होती?" पाच-सहा, म्हणते मी, फुली मारली त्यांच्यावर. "लई शानी झालीस," म्हणत तू हात धुतेस, पीठ तसंच झाकतेस आणि मला परत नेतेस. पहिल्याच बंद घराच्या खिडकीशी तू हाक मारतेस आणि आतून म्हातारा खोकतो. घरचे सगळे शेतात गेलेले, कुत्रं शिरू नये म्हणून बाहेरून कुलूप. तू एवढंच म्हणालीस, "कुलूप हाय म्हंजे घर रिकामं न्हाई, बाई."

म्हणून यंदा मी हट्ट धरला: बंद घरी पुन्हा गेल्याशिवाय आराखडा पुढे पाठवायचा नाही. गाव निवडलं तेही तुझंच. तिथं घरोघर फिरणारी आशाताई कुरकुरली, पण गेली. इथं लातूरच्या ऑफिसात बसून मी पाहत होते, नकाशावरचे बंद घरांचे करडे ठिपके एकेक करून हिरवे होत होते. आज दुपारी तिचा फोन आला. गावात नव्यानं सून म्हणून आलीय, तिला काय माहीत? "मॅडम, एकच राहिलंय बघा, शाळेच्या मागलं. चावी कोनाकडं हाय?"

आपलं घर, माय. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली, मी ते उघडलेलं नाही. परात पालथी असेल, कोनाड्यात तुझा चष्मा असेल, आणि मी खिडकीशी हाक मारली तर आतून कुणी खोकणार नाही. तेवढंच मला सोसवत नाही.

"माहीत नाही," म्हणाले मी, आणि 'घर बंद'वर माझ्याच हातानं टिचकी मारली. हे पत्र आता पर्समध्ये ठेवतेय, चावी आहे त्याच कप्प्यात.