पौषातली बॅटरी

सोम. २२ डिसें.
पहाटे पावणेसहा. पडेगावात आठ अंश. किल्ली फिरवली, गाडी दोनदा कण्हली आणि गप्प. सुमनचं डायलिसिस साडेसहाला, दर सोम. आणि गुरु. डिझेल गाडी, तेरा वर्षांची, थंडीत नखरे करतेच; पण आजचे नखरे नव्हते. फिरायला निघालेले गल्लीतले तिघे थांबले, ढकलली, दुसऱ्या गिअरवर घेतली. सुमन मागं शाल गुंडाळून बसलेली. रस्त्यात एवढंच म्हणाली, "आता लोकांनी ढकलत न्यायचं व्हय मला?"
वीस मिनिटं उशीर. सिस्टरनं सांभाळून घेतलं. "अर्ध्या तासावर गेलं तर बेड दुसऱ्याला द्यावा लागतो, काका."

मंगळ. २३
कोपऱ्यावरचे सलीमभाई मेकॅनिक. मीटर लावला आणि हसले.
"साब, रोज स्टार्ट करके बंद करते क्या?"
करतो. रोज संध्याकाळी पाच मिनिटं, बॅटरी ताजी राहावी म्हणून. दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही.
"वोइच खा गया. स्टार्ट करने में जित्ता जाता, पाँच मिनट में उत्ता वापस नै आता."
पैठणला तीस वर्षं धरणाची पातळी वहीत उतरवली. आलेलं किती, सोडलेलं किती. घरच्या अंगणातलं एवढं कळू नये! स्वतःचीच लाज वाटली.
घरी सांगितलं, नवी घ्यावी लागेल. सुमन: "रविवारीच पौष लागलाय. पौषात नवी वस्तू घरात आणायची नाय." म्हटलं, तुझ्या गोळ्या नव्याच येतात ना? "ते औषध हाय. बॅटरी पाण्याबरोबर घेतेत व्हय?"
वाद थांबवला. तिच्याशी वादात मी कधी जिंकलोय?

बुध. २४
तोड सलीमभाईंनीच काढली. दुसऱ्या एका गाडीतून उतरवलेली, बऱ्यापैकी बॅटरी. वापरलेली म्हणजे नवी नव्हे. सुमननं भाजी निवडता निवडता विचार केला आणि परवानगी दिली. पौष संपला की नवी, असं ठरलं. बसवली.

सोम. ५ जाने.
आज गाडी चालू व्हायला तीन झटके. गेल्या आठवड्यात दोन लागत होते. लक्ष ठेवायला हवं.
थंडीत पहिल्या झटक्याला बॅटरी किती जोर देते, त्याचा आकडा तिच्यावरच छापलेला असतो. सलीमभाई म्हणतात, पहाटेची गाडी आहे, तोच बघा. आपल्या खाचेत बसणाऱ्या पाच-सहा बॅटऱ्यांचे आकडे लिहून घेतले. मापं, तार जोडायचा धन खांब डावा की उजवा, सगळं. अशा कामात बरं वाटतं.
संध्याकाळी सात वाजले की अजून हात किल्लीकडे जातो.

गुरु. ८
नुसती टिकटिक. धुकं, गल्लीत चिटपाखरू नाही. सुमनला गाडीतच बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो, बऱ्याच वेळानं रिक्षा मिळाली. पोचायला चाळीस मिनिटं उशीर. बेड गेलेला.
दुपारी दोनला नंबर लागला. तेही चार तासांऐवजी तीन. तोवर बाकावर. पाय इतके सुजले की चप्पल चढेना, बोलताना दम लागत होता. तरी मलाच विचारते, "चहा घेतला का तुम्ही?"
मला भीती वाटली. फार वाटली. वापरलेल्या बॅटरीला मी का हो म्हटलं, पहिल्याच दिवशी नवी आणून मोकळा का झालो नाही, हेच डोक्यात.
परतताना रिक्षात ती: "उद्या दुकानात मी बी येते. पौषाचं काय ते माझ्यावर."

शुक्र. ९
दुकानदारानं दोन काढून ठेवल्या. किंमत जवळपास सारखी. एकीचा थंडीतला आकडा चांगलाच वरचा, हमी तीन वर्षांची. दुसरीचा आकडा जरा कमी, हमी पाच वर्षांची. आमच्या थंडीला दोन्ही चालतील, तो म्हणाला. मी वही उघडली आणि पहिलीवर बोट ठेवलं. पहाटे चालू होणं महत्त्वाचं.
सुमन स्टुलावर बसलेली. "ती पाचवाली घ्या."
"अगं, जोर हिला जास्त आहे. तीन वर्षं पुष्कळ झाली."
"कुणाला पुष्कळ झाली?"
दुकानदार आत बिलबुक शोधायला गेला. बिलबुक त्याच्यासमोरच पडलेलं होतं.
मी आकडा बघत होतो. देवाशपथ, फक्त आकडा.
पाच वर्षांची बसवली. हमीच्या कार्डावर नाव कुणाचं, असं त्यानं विचारलं, तर हिनं स्वतःचं सांगितलं. कार्ड तिच्या पर्समध्ये आहे.
आता हे लिहिताना पुन्हा विचार करतोय, तेव्हा खरंच फक्त आकडा बघत होतो का मी? तिला काय वाटलं, ते विचारवत नाही.
थंडी आणखी वाढणार म्हणतात. सोमवारी साडेपाचला उठायचं.