मागच्या गेटावरचा विळा

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय आक्कास,
धाकट्या क्रांतीचा वाकून नमस्कार.

विद्यापीठाच्या मागच्या गेटापासून दहा मिनिटांवर तू राहतेस आणि मी टपालानं पत्र पाठवते आहे. हसशील. पण फोन तू उचलत नाहीस. यंदाही गौरीला आले नाही. कामं होती, असं कळवलं होतं ते खोटं होतं.

इकडे ठीक आहे. गुडघा दुखतो. विद्यापीठात आमच्या ऑफिसात सध्या एकच विषय, परिसर पर्यावरणपूरक कसा करायचा. त्यासाठी समिती नेमली आहे आणि मी तिची सचिव. कुणी सौर दिवे सुचवले, कुणी सायकली. एका सरांनी समितीला हिरव्या टोप्या द्या म्हणून सुचवलं. हे सगळं प्लॅस्टिकच्या बाटल्यांतलं पाणी पीत चाललं होतं.

मग गवताचा विषय निघाला. दोन वर्षं आम्ही यंत्रानं गवत कापतो, ट्रकनं कचरा डेपोवर टाकतो आणि झाडांना शेणखत बाहेरून ट्रकनं आणतो. ऐकतानाच मला लाज वाटली. मी उठून तुझंच वाक्य सांगितलं, "तुमचं गवात आमच्या म्हशीला, म्हशीचं श्याण तुमच्या झाडाला." तू इथलं गवत कापायचीस तेव्हा टिटवीनं अंडी घातली की तेवढा तुकडा सोडायचीस, खुणेला दगड ठेवायचीस, तेही सांगितलं. यंत्राला दगड कळत नाही. दोन वर्षांत मला तिथं टिटवी दिसलेली नाही.

सगळ्यांना पटलं. आसपासच्या म्हशीवाल्यांना गवत मोकळं करायचं, बदल्यात शेण घ्यायचं असं ठरलं. अध्यक्षांनी विचारलं, हे कुणाकडून कळलं? मी म्हणाले, "इथं पूर्वी एक बाई यायच्या."

एक बाई. आक्का, दोन वर्षांपूर्वी गेटावरही मी तुला अशीच परकी केली.

आता लिहितेच. विळा-दोरी घेऊन आत यायला बंदी, हा फलक माझ्या हातचा. पाहणीला मंडळी येणार होती, परिसर नीटनेटका दिसावा असं मला वाटलं. तू येतेस हे मला माहीत नव्हतं असं नाही. वॉचमन आकारामनं तुझा विळा काढून घेतला तेव्हा मी त्या मंडळींबरोबर तिथंच उभी होते. तू त्याला म्हणालीस, "अवं पावणं, ईळा तरी द्या की. म्हसरं उपाशी हाईत." मग माझ्याकडं बघितलंस. आकारामनं विचारलं, "मॅडम, वळखीच्या हाईत व्हय?" मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

दोरी गुंडाळलीस आणि गेलीस. आई गेल्यावर माझी वेणी तू घातलीस, म्हशींच्या दुधावर मला शिकवलंस, आणि चार परक्या माणसांसमोर मला तुझी ओळख देता आली नाही. मला तुझ्या डोक्यावरच्या भाऱ्याची लाज वाटली. त्याच भाऱ्यावर मी खुर्चीपर्यंत पोचले होते.

तू नाही आलीस तरी गवत मोकळं होईल, ते मी करून घेतलं आहे. पण कुठून कापायचं, काय सोडायचं हे दाखवायला गुरुवारी सकाळी आठला तू यावीस असं मला फार वाटतं. रागावून ये, शिव्या देत ये.

तुझा विळा मी नंतर आकारामकडून मागून घेतला, तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. धार गेली आहे. लावून आणणार होते, पण ती तू स्वतःच लावतेस. गुरुवारी तो हातात घेऊन मी मागच्या गेटावर उभी राहीन. समितीही असेल. फलक अजून तिथंच आहे, म्हणजे आकारामला मलाही अडवावं लागेल. विचारलं, तर सगळ्यांसमोर सांगेन की हा माझ्या आक्काचा विळा आहे आणि मी तिची धाकटी बहीण.

तुला ओळखणारी,
क्रांती